साक्षीत न घेतलेलं नाव

मोहननगर, नागपूर
रविवार, ५ एप्रिल २०२६

जितेंद्र,

आज, रविवार ५ एप्रिल, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तू उपासनेच्या भरल्या हॉलसमोर माईक हातात घेऊन सांगितलंस की रोहितच्या मशीनची जाळी तू काढली होतीस. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण तू उभा राहिलास तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं. साक्षी संपून जेवण कधी वाढतील, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता.

तुझ्या अपेक्षाने फोन करून बोलावलं म्हणून मी आले होते. "ताई, यांची पहिली साक्ष आहे, ईस्टरचा दिवस आहे, जुनं सगळं सोडा आणि या." तुमच्या मंडळीची मी थट्टा केली, टाकीतल्या बाप्तिस्म्याला हसले, म्हणून तू माझ्या घरी येणं सोडलंस. म्हटलं, जाऊ या, भाऊच आहे. चांगली साडी नेसून आले. पुढच्या रांगेत बसवलंत मला, कूलरसमोर.

तू काय बोललास ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या 'मी असं म्हणालोच नाही' म्हणायची सोय राहणार नाही.

"मी हिंगण्याले कंपनीत सुपरवायझर होतो. पत्रा कापायच्या प्रेसवर काम. मशीनच्या तोंडाले जाळी राहते, हात आत जाऊ नये म्हणून. पण जाळी असली का माल हळू निघते. त्या दिवशी ऑर्डर अर्जंट होती. जेवणाच्या सुट्टीत कोणी नव्हतं. मी पाना घेतला, जाळी खोलून बाजूले ठेवली. सुट्टी संपल्यावर एका पोराले मशीनवर बसवलं. त्याची बोटं गेली. चौकशीत नाव दुसऱ्याचं आलं, मी चूप राहिलो. लय वर्षं मले झोप नव्हती. पण प्रभूनं माझी पाटी पुसून टाकली!"

टाळ्या. कीबोर्डवाल्याने सूर धरला. पास्टरने तुला मिठी मारली. शेजारची बाई रडत माझा हात दाबत होती. "किती मोठी कृपा आहे हो तुमच्या भावावर!" माझे हात टाळीसाठी वर गेले होते, जितेंद्र. सवयीने. ते मध्येच थांबले आणि खाली कसे आणायचे ते मला कळेना.

'नाव दुसऱ्याचं आलं.' एवढंच? त्या दुसऱ्याला आईबापांनी नाव ठेवलेलं आहे. संघपाल. आठ वर्षांपूर्वीपर्यंत दर उन्हाळ्यात तू त्याला माझा कूलर उघडायला घेऊन यायचास. तो फिटर होता, त्या सकाळी त्याने ती मशीन दुरुस्त केली होती, आणि जाळी परत बसवायला तो विसरला असा ठपका ठेवून त्याला काढलं. हे मला तूच सांगितलंस. माझ्या याच टेबलाशी बसून, पोहे खात. "चांगला माणूस होता ताई, पण निष्काळजी निघाला." निष्काळजी! आणि ज्याची बोटं गेली तो कोणी 'एक पोरगा' नव्हता. तो रोहित, संघपालच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. मामानेच त्याला कंपनीत चिकटवलं होतं.

मी जेवायला थांबले नाही याचं अपेक्षाला वाईट वाटलं असेल. तिला सांग, बिर्याणीबद्दल माझी काही तक्रार नाही.

मला एकच कळायला हवं. संघपालला तू हे सांगितलं आहेस का?

रीना


गुरुवार, ९ एप्रिल

जितेंद्र,

तुझा आवाजी निरोप मिळाला. चार वेळा ऐकला. तीस-पस्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढली मी. माणूस कुठे गिळतो आणि कुठे घाई करतो ते मला ऐकू येतं. संघपालचं नाव आलं तिथे तू घाई केलीस.

तर, सांगितलेलं नाही. आठ वर्षांत नाही, रविवारी नाही, त्यानंतरही नाही. वर मलाच म्हणतोस, "ताई, ज्यानं माफ करायचं त्यानं माफ केलं. आता तू काहून जुनं उकरून राहिली? हे सैतानाचं काम आहे."

मला सैतान म्हणायला हरकत नाही. ऑफिसात याहून वाईट नावं होती मला. पण 'ज्यानं माफ करायचं' म्हणजे कोणी? बोटं देवाची गेली होती का? नोकरी देवाची गेली? आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले मी, म्हणून सांगते: तू चुकीच्या नंबरवर बोललास. पलीकडून कोणीतरी गोड आवाजात 'ठीक आहे' म्हटलं, तू खूश होऊन रिसीव्हर ठेवलास, आणि ज्याच्याशी बोलायचं होतं तो अजून घंटीची वाट पाहत बसला आहे.

आपले बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. रोज पहाटे गुडघे टेकायचे. मला कॉन्व्हेंटात घातलं, कारण सिस्टर लोक मुलींना शिस्त लावतात म्हणे. लावली. गणिताच्या पेपरच्या सकाळी आम्ही पोरी चॅपलमध्ये जाऊन बसलो होतो, तेव्हा सिस्टर बेनेडिक्टाने पट्टी घेऊन सगळ्यांना हाकललं. म्हणाली, गणितं देव सोडवणार नाही, वर्गात जा. देवावर त्या बाईचा तुमच्या अख्ख्या हॉलपेक्षा जास्त विश्वास होता. म्हणून तर तिला त्याच्या गळ्यात आपली कामं घालायची लाज वाटायची.

मी संघपालकडे जाणार नाही. ते तुझं काम आहे. त्याचा पत्ता नसेल तर मी शोधून देते, पण पाय तुझे चालू देत.

आणि उत्तर लिहून पाठव. बोललेलं हवेत जातं.

रीना


बुधवार, १५ एप्रिल

जितेंद्र,

जाणार नाही असं लिहिलं होतं. गेले.

तुझं उत्तर आलं नाही. आले ते फक्त मोबाइलवर जोडलेले दोन हात. ते पाहिले आणि पायांत चप्पल घातली. पत्ता शोधावा लागला नाही. कूलर उघडायला तो इंदोऱ्याहून यायचा एवढं आठवत होतं. तिथे पहिल्याच पानठेल्यावर नाव घेतलं तर ठेलेवाला म्हणाला, "ई-रिक्षावाला संघपाल? तो कुलूपवाला?" कुलूपवाला म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही.

परवाची, १३ तारखेची गोष्ट. दुसऱ्या दिवशी जयंती, म्हणून गल्लीभर निळ्या पताका चढत होत्या. संघपाल शिडी धरून उभा होता. केस पांढरे झाले आहेत, अंग सुटलं आहे. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"अरे, कूलरवाल्या बाई! पंप बंद पडला का?"

आठ वर्षांनी, जितेंद्र. मी म्हटलं, पंप चालू आहे, इकडे आले होते म्हणून डोकावले. खोटं बोलले. त्याने घरात नेलं. त्याची बायको प्रीती, तिने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि पहिल्या पाच मिनिटांत नवऱ्याची तक्रार सुरू केली. मला आवडली ती.

"हे पाहा ना बाई, घराबाहेर पडाचं म्हटलं का यांचं नाटक. कुलूप लावते, हलवून पाहते. मग मले म्हणते, आता तू हलवून पाहाय. चौकापर्यंत गेलो का पुन्हा वापस. माझ्या माहेरच्या लग्नात हळद निघून गेली, आम्ही कुलूपच हलवून राहिलो होतो."

"झालं का तुझं?" संघपाल हसत होता. "आता फोटो काढतो ना मी. आता कुठं वापस येतो?"

आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. कौतुकाने दाखवत होता, लेकराबाळांचे फोटो दाखवावे तसे. कुलूप. गॅसचं बटण. रिक्षाच्या चार्जरची पिन. पुन्हा कुलूप. बोटाने सरकवत गेला, सरकवत गेला, फोटो संपेनात. प्रत्येक सकाळचा एक, प्रत्येक संध्याकाळचा एक. बंद कुलपांचे.

"माह्या हाताचा भरोसा नाही बाई," तो म्हणाला. "तुमाले माहीत असंन. जितूभाऊनं सांगितलंच असंन."

मी पेला खाली ठेवला.

मग तो आपणहून बोलला. चौकशीत त्याला विचारलं होतं, जाळी बसवून बोल्ट घट्ट कसले होते का, शपथेवर सांग. आणि त्याला आठवेना. दिवसातून किती जाळ्या काढायच्या आणि किती बसवायच्या. हात करून मोकळा होतो, डोक्याला खबर नसते. "तुम्ही सकाळी दात घासले ते तुमाले आठवते का बाई? घासले असंन, असं म्हणता तुम्ही. मी बी म्हणालो, कसले असंन. साहेब म्हणाले, असंन चालत नाही. बरोबर बोलले. रोहितचा हात माह्या डोळ्यापुढं, मी कोणत्या तोंडानं शपथ घेऊ?"

तू त्याच खोलीत होतास ना तेव्हा? टेबलाच्या दुसऱ्या बाजूला? त्याला आठवत नव्हतं, आणि तुला आठवत होतं.

त्याने तुझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. उलट म्हणाला, जितूभाऊ चांगला माणूस, चौकशी संपल्यावर त्याने चहा पाजला होता.

बहिणीबद्दल मी विचारलं नाही, प्रीतीने सांगितलं. त्याची थोरली बहीण वच्छला उमरेडला असते. अपघातापासून तिने भावाला दारात उभं केलेलं नाही. राखी नाही, मरण नाही, तोरण नाही. आता रोहितचं लग्न ठरलं आहे, १० मे ला, उमरेडलाच. पत्रिका सगळ्या नातेवाइकांना आली, सख्ख्या मामाला नाही. "मामाशिवाय लग्न लावून राहिली," प्रीती म्हणाली आणि आत निघून गेली. संघपालने तिच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाला, "तिचं बी बरोबर आहे. लेकराचा उजवा हात होता."

मी त्याला म्हटलं, एवढी वर्षं झाली, स्वतःला माफ करा आता. असंच बोलतात ना आपण? तोंडातून निघून गेलं.

तो हसला. "आमच्यात माफ करणारा कोणी नसते बाई. केलं ते आपलंच. तुमच्यात सोपं आहे."

तुमच्यात सोपं आहे! मला किती झोंबलं ते तुला कळणार नाही. आयुष्यभर मी असंच धरून चालले की आपलं जास्त कठीण आहे. वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाचं मन तू दुखावलं आहेस, तर दान तिथेच टाक, आधी त्याच्याकडे जा, मग ये. असंच शिकलो ना आपण बाबांच्या मांडीवर बसून? आणि तिथे त्या खाटेवर बसून मी त्याला 'नाही, आमच्यात सोपं नाही' म्हणू शकले नाही. माझा सख्खा भाऊ ते सोपं करून बसला होता.

मी सांगितलं नाही त्याला. पंपाचं बोलले, पाणी प्यायले, उठले. दारापर्यंत सोडायला आला, आणि मी वळून पाहिलं तर तो दाराची कडी हलवून पाहत होता. घरात माणसं असताना.

जा त्याच्याकडे. मी तुझ्यासोबत येते, हवं तर.

रीना


सोमवार, २० एप्रिल

जितेंद्र,

काल तू आलास. घरात ये म्हटलं तर फाटकापाशीच उभा राहिलास, अपेक्षा तुझ्या मागे. तुझं जे खरं होतं ते मी आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहिताना मी एकतर्फी बोलते असं तुला म्हणता येणार नाही.

तू म्हणालास, "ताई, आठ वर्षं मी पिऊन झोपलो. तुले माहीत नाही. आपल्या जुन्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचो आणि आतून सडायचो. बोललो तर संपलो, हेच डोक्यात. मग तिथं गेलो, आणि मले पहिल्यांदा वाटलं का मले कोणी फेकून नाही देणार. म्हणून तोंड उघडलं. तो भरोसा नसता तर मी हे मसणात घेऊन गेलो असतो."

हे मला मान्य आहे. रात्रभर त्यावर विचार केला आणि सकाळीही मान्य आहे. ज्याला वाटतं आपण फेकले जाऊ, तो कधीच कबूल करत नाही. माफीची खात्री असली की माणूस खरं बोलायला धजावतो. हे तुझ्या बाबतीत झालं, आणि ते तुझ्या त्या हॉलमध्ये झालं. मी टाकीला हसले होते. ते हसणं मागे घेते.

पण धजावून तू गेलास कुठे? ज्या माणसांचं तू काही बिघडवलं नव्हतंस, त्यांच्यापुढे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं काय जात होतं? धर्माने तुला उभं केलं हे खरं. उभं राहून तू जागच्या जागी नाचलास आणि पुन्हा खुर्चीवर बसलास, हेही खरं. बसायला धर्माने सांगितलं नव्हतं. ते तुझं तू केलंस.

मी म्हटलं, चल, आता इंदोऱ्याला जाऊ, मी रिक्षा बोलावते. तू अपेक्षाकडे पाहिलंस. अपेक्षा मध्ये पडली.

"ताई, ते जाणारच होते हो. पण वकील म्हणाले, सध्या भेटू नका. आणि काहीही झालं तरी लिहून देऊ नका."

मी म्हटलं, कोण वकील?

"मंडळीतले आहेत. पास्टरनीच सांगितलं, एकदा विचारून घ्या."

फाटकाची कडी धरून मी उभी राहिले. देवाने पाटी पुसली ना तुझी? मग वकिलाला त्या पाटीवर काय दिसलं? देवापुढे गुन्हा उरला नाही, आणि कोर्टापुढे लपवण्याइतका उरला? दोन्ही एकदम कसं, जितेंद्र? मी विचारलं तेव्हा तू फटकन म्हणालास, "तुले कायदा समजत नाही." नसेल समजत. तुझा विश्वास समजून घ्यायला उभी होते मी, कायदा नाही.

आणि आज सकाळची गोष्ट तर मला लिहवत नाही.

तुमची ईस्टरची उपासना यूट्यूबवर होती. मी ती जपून ठेवायला सांगितली होती शेजारच्या अपूर्वला, मोबाइलमध्ये कशी ठेवतात तशी. मनात होतं, तू काहीच केलं नाहीस तर वच्छलाला ती दाखवीन. तुझ्याच तोंडून ऐकेल. अपूर्व परीक्षेत होता, राहून गेलं. आज त्याने उघडून पाहिलं. उपासना आहे. गाणी आहेत, प्रवचन आहे. दुसऱ्या एका बाईचा मधुमेह बरा झाल्याची साक्ष आहे. तुझी नाही. गाण्यातून सरळ पास्टरच्या प्रार्थनेवर उडी.

"आजी, कापलंय," अपूर्व म्हणाला.

मी त्याच्या मोबाइलकडे बघत राहिले. देवापुढे उभं राहून बोललेली गोष्ट, जितेंद्र! कापली! ज्या टाळ्या वाजल्या त्याही कापल्या. आता जगात ते ऐकलेली एवढी माणसं आहेत आणि पुरावा एक नाही. तुझ्या वकिलाचं काम झालं असेल. मला मात्र घरी येऊन बसल्यावर थंडी वाजायला लागली. एप्रिलमध्ये, नागपुरात.

मी या देवाला मानते. तुझ्यापेक्षा आधीपासून मानते. म्हणून मला भीती वाटली.

रीना


गुरुवार, २३ एप्रिल

जितेंद्र,

काल मी संघपालला सांगितलं.

तुला विचारून जायला हवं होतं असं वाटत असेल, तर वाटू दे. तो रिक्षा धुऊन पुसत होता. मी म्हटलं, आत चला, प्रीतीलाही बोलवा. खाटेवर बसले आणि एका दमात सांगितलं. "संघपाल, जाळी तुम्ही बसवली होती. बोल्टही तुम्ही कसले होते. माझ्या भावाने जेवणाच्या सुट्टीत पाना घेऊन ते काढले."

मला वाटलं होतं तो रडेल, ओरडेल, तुला शिव्या घालेल. मी तयारीने गेले होते. तो म्हणाला, "कोणता पाना?"

मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही.

"खोक्यातला असंन. माह्याच खोक्यातला." मग त्याने दोन्ही हात पालथे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे असा पाहत राहिला, जसं कोणी नुकतेच आणून दिले आहेत. "म्हणजे मी कसले होते," तो म्हणाला. "प्रीती, मी कसले होते वं."

प्रीती मात्र ओरडली. माझ्यावरच. "आठ वर्षं! आठ वर्षं याची वहिनी आमच्या नावानं थुंकली, माह्या सासूची मयत झाली तं बहिणीनं याले खांदा नाही देऊ दिला, आणि तुमचा भाऊ तिकडं टाळ्या घेऊन राहिला?" तिने बहिणीला वहिनी म्हटलं इतकी ती भान हरपली होती. मी खाली मान घालून ऐकलं. तिचं माझ्याशी भांडण नव्हतं, पण समोर मीच होते. कोणीतरी समोर असायला हवंच ना?

मी संघपालला म्हटलं, मी स्वतः उमरेडला जाते, वच्छलाला सांगते, लग्नाला अजून वेळ आहे.

तो एकदम म्हणाला, "नाही."

"अहो, पण का?"

"तुम्ही सांगान तं ती म्हणंन, मीच तुमाले पाठवलं. पाय धरून आणलं म्हणंन. आणि खरं सांगू का बाई? मले बी आता असंच वाटून राहिलं, का तुम्ही माह्यावर दया करून बोलून राहिल्या. घरी गेल्यावर पुन्हा वाटंन. रात्री वाटंन." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "ज्यानं काढलं त्यानं लिहावं. त्याच्या हातानं. मले कोर्ट नाही पाहिजे, पोलीस नाही पाहिजे. जितूभाऊले सांगा, घाबरू नको. पण लिहावं लागंन."

'घाबरू नको' म्हणाला तो, जितेंद्र. तुला. ज्या गोष्टीसाठी तू हॉलमध्ये, पास्टरकडे आणि वकिलाकडे गेलास, ती तो खाटेवर बसल्या बसल्या देऊन मोकळा झाला. त्याने देव मध्ये आणला नाही. फक्त एक अट घातली, आणि तीही स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवता यावा म्हणून.

आता तू विचारशील, धर्म आडवा येतो की नाही? मला काल तिथून परत येताना ऑटोवाल्याने दोनदा विचारलं, कुठे सोडू, आणि मला पत्ता सांगता येईना. इतकी मी याच विचारात होते. मला वाटतं धर्म दार उघडतो. त्या दारातून बाहेर पडायचं की आतून आणखी एक कडी लावून घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. तू कडी लावलीस. पास्टरने टाळी वाजवली, वकिलाने कुलूप दिलं. पण हात तुझा होता. त्या दुपारीही तुझाच होता, आणि तेव्हा तर तू या मंडळीत आलाही नव्हतास.

एक मात्र मी मान्य करणार नाही, की तुला माफी मिळालेली नाही. मिळाली असेल. तो देतो. आपण मागण्याआधीही देतो, असं बाबा म्हणायचे. पण जितेंद्र, माफी मिळालेला माणूस असा वागतो का? माफी मिळालेल्या माणसाला आता कशाची भीती उरायला हवी? त्यानेच तर सगळ्यांत आधी धावत जायला हवं.

आता ऐक, आणि हे वकिलाला दाखवायचं असेल तर दाखव.

तू एक पत्र लिहायचं आहेस. टाइप करून नाही, मोबाइलवर नाही, स्वतःच्या हाताने, मराठीत, जे तू ईस्टरला बोललास तेवढंच. कोणती जाळी, कोणी काढली, कधी, आणि चौकशीत काय सांगायचं राहिलं. खाली सही. एकाच मजकुराची दोन पत्रं, एक संघपालला इंदोऱ्याला, एक वच्छलाला उमरेडला. दोन्ही पत्ते या कागदाच्या मागे लिहिले आहेत. मला पाठवायचं नाही. मी पोस्टमन नाही आणि पाळकही नाही. मला फक्त एका ओळीत लेखी कळव की पत्रं टाकली.

१० मे ला लग्न आहे. वच्छलाला वाचायला, चिडायला, रडायला, आणि मग भावाच्या घरी यायला दिवस लागतील. मोठ्या बहिणीला ते लागतात. हे मी तुला अंदाजाने सांगत नाही.

प्रार्थना करून ठरवतो, असं म्हणू नकोस. पास्टरला विचारतो, असंही नको. यात ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही.

गुरुवार, ३० एप्रिल, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुझं लेखी उत्तर माझ्या हातात पाहिजे. आणि त्या दोन पत्रांची पहिली ओळ 'संघपाल' या नावाने सुरू कर. देवाचं नाव शेवटी लिही, जागा उरली तर.

तुझी बहीण,
रीना